तो त्या दिवशी तिथे होता का? : सैनिकांच्या आठवणी वाचायला बसणाऱ्यांसाठी

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी दोनदा लिहिलं. दुसऱ्यांदा लिहिण्यात सात महिने गेले, आणि ते सात महिने आठवले की अजूनही पोटात गोळा येतो. एका शिपायाला मी अशा ठिकाणी साक्षीदार म्हणून उभं केलं होतं, जिथे तो नव्हताच. चूक एवढीच, पण सगळं प्रकरण तिच्यावर उभं होतं.

स्पेन-पोर्तुगालमध्ये ब्रिटिश आणि नेपोलियनचे फ्रेंच यांच्यात झालेल्या १८०८ ते १८१४ च्या युद्धावर काम करायचं मनात असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. वेलिंग्टन कोण, कोरुन्ना कुठे आलं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

माझा विषय होता १८०८-०९ च्या हिवाळ्यातली ब्रिटिश सैन्याची माघार. सेनापती सर जॉन मूरचं सैन्य वायव्य स्पेनमधल्या गॅलिसियाच्या बर्फाळ डोंगरांतून समुद्र गाठायला निघालेलं, आणि मागे फ्रेंच. १६ जानेवारी १८०९ ला कोरुन्ना बंदराजवळ लढाई झाली, मूर तिथेच पडला, उरलेलं सैन्य जहाजांवर चढलं. या माघारीतला ३ जानेवारीचा काकाबेलोस गावचा प्रसंग तुम्हाला जवळपास प्रत्येक पुस्तकात भेटेल. ९५ व्या रायफल पलटणीतला टॉम प्लंकेट बर्फात उताणा पडला, रायफलीचा पट्टा पायात अडकवला, नेम धरला आणि फ्रेंच जनरल कोल्बेरला घोड्यावरून खाली पाडलं. हे तपशिलात सांगतो एडवर्ड कॉस्टेलो, त्याच पलटणीतला शिपाई. मी तो उतारा एका संकलनातून उचलला, मराठीत आणला आणि वर लिहिलं, ‘प्रत्यक्षदर्शी कॉस्टेलो सांगतो’.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते पान वाचलं आणि पेन्सिलीने समासात एकच ओळ लिहिली : ‘हा त्या दिवशी तिथे होता का?’

मला राग आला. पलटण तीच, नाव तेच, बर्फ तोच, अजून काय हवं? दोन दिवस मी त्या पानाला हात लावला नाही. मग पहिल्यांदा कॉस्टेलोचं अख्खं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. उत्तर तिथेच होतं. माघार चालू असताना कॉस्टेलो इंग्लंडमध्ये होता. कोरुन्नाहून परतलेले सोबती त्याला भेटले ते तिथे, आणि तो स्वतः स्पेनला गेला १८०९ च्या उन्हाळ्यात. प्लंकेटला त्याने पाहिलं ते परेडवर, कर्नलने सगळ्या पलटणीसमोर त्याला ‘शिपाई असावा तर असा’ म्हणून उभं केलं तेव्हा. बर्फातली गोळी त्याने ऐकलेली होती.

कॉस्टेलो खोटं बोलत नव्हता. तो तिथे नव्हता हे त्याने लपवलंही नाही. मी आधीची पानं वाचली नव्हती, एवढंच.

याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे जवळजवळ प्रत्येक जण घसरतो. सैनिक ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा तो ‘मी’ असेलच असं नाही. पलटण म्हणजे त्याचं घर, आणि घरातल्या गोष्टी आपण ‘आमच्याकडे असं झालं’ म्हणूनच सांगतो, जन्माआधीच्या गोष्टीसुद्धा. त्यातून एका पलटणीत बटालियन दोन-तीन असायच्या, एका बटालियनमध्ये कंपन्या दहा असायच्या, आणि एकाच दिवशी त्या वेगवेगळ्या रस्त्यांवर असू शकायच्या. म्हणून पलटणीचं नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं समजू नका. बटालियन पाहा, कंपनी पाहा, जमलं तर त्या महिन्याचं हजेरीपत्रक पाहा. लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये वॉर ऑफिसची हजेरीपत्रकं आहेत. मला तिथे जाणं परवडणारं नव्हतं. तिकडे शिकणाऱ्या एका भाचीने फोटो काढून पाठवले. आजारी, रजेवर, पकडला गेला, मेला, सगळं एका ओळीत. त्या ओळींनी मला जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्या प्रस्तावनेने शिकवलं नाही.

आता बेंजामिन हॅरिस. हा त्याच ९५ व्या पलटणीच्या दुसऱ्या बटालियनमधला, मूळचा डॉर्सेटकडचा धनगर, पलटणीत मोचीकाम करणारा. माघारीचं सगळ्यांत अंगावर येणारं वर्णन त्याचं आहे आणि ते कोरुन्नाच्या माघारीचं म्हणून सर्रास छापलं जातं. पण हॅरिस कोरुन्नाला गेलाच नाही. डिसेंबरच्या अखेरीस जनरल क्रॉफर्डची ब्रिगेड मुख्य सैन्यापासून वेगळी निघाली आणि दुसऱ्या वाटेने व्हिगो बंदराला पोचली. हॅरिस त्या वाटेवर होता. वाट वेगळी, डोंगर वेगळे, पाठलागाचा धाकही वेगळा. या दोन वाटा एकत्र कालवल्या की पुढचं सगळंच बिघडतं. मी त्या कालवल्या होत्या. कॉस्टेलोचं प्रकरण निस्तरताना हॅरिसही बाहेर पडला, आणि त्या रात्री मी खरंच हात टेकले.

हॅरिसला आणखी एक गाठ आहे. त्याने स्वतः लिहिलं नाही. लंडनमध्ये सोहोत तो जोडे शिवत असताना हेन्री कर्लिंग नावाच्या अधिकाऱ्याने त्याच्या आठवणी ऐकून उतरवल्या आणि त्या छापल्या गेल्या १८४८ मध्ये, म्हणजे व्हिगोनंतर जवळपास चाळीस वर्षांनी. पुस्तकात तारखा जवळजवळ नाहीत आणि प्रसंग मागेपुढे उड्या मारतात. एखादं वाक्य फार घडीव वाटलं तर ते मोच्याचं की कर्लिंगचं, हे ठरवणं अवघड आहे. ते ठरवता येत नसेल तर तसं लिहा. माझ्या ओळखीतल्या एकाने हॅरिसच्या ‘शैली’वर अख्खा निबंध लिहिला. तो मी मान्य करू शकत नाही.

हे वाचून सैनिकांच्या आठवणी भरवशाच्या नाहीत असं कुणी ठरवू नये. मीही मधे महिनाभर तसंच ठरवून बसले होते. हॅरिसच्या पाठीवरचं ओझं पाहा. शिध्या-दारूगोळ्याच्या वर त्याच्याकडे मोचीकामाची हत्यारं, कातडं आणि कातडं ठोकायचा दगड. पोर्तुगालच्या उन्हात चालता चालता त्याने तो दगड फेकून दिला. ते ओझं माणसं मारत होतं, असं तो ठणकावून सांगतो. हे कुठल्याही सेनापतीच्या अहवालात येणार नाही, आणि इतक्या वर्षांनीही यात चूक होण्यासारखं काही नाही. स्वतःच्या खांद्यावर काय होतं, हे माणूस विसरत नाही. माघारीत एक बाई, दिवस भरत आलेले, बर्फातच खाली बसते, नवरा तिच्याजवळ थांबतो. सगळ्यांना वाटतं, संपलं. थोड्या वेळाने दोघं मागून येताना दिसतात आणि तिच्या हातात बाळ असतं. हॅरिस हे शेजारी चाललेल्या माणसासारखं सांगतो. इथे मी त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवते. लढाईत किती फ्रेंच होते, हे मात्र मी त्याला विचारणार नाही.

कॉस्टेलोचा उताराही मी शेवटी फेकला नाही. पलटण आपल्या वीराची गोष्ट कशी सांगायची, याचा तो उत्तम साक्षीदार आहे. प्लंकेटची गोळी किती लांबून गेली, याचे आकडे वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे दिसतात. त्या वाढत्या अंतरावरच माझं नवं तिसरं प्रकरण उभं राहिलं.

दुसरी सावधगिरी थोडक्यात. विल्यम नेपियरचा या युद्धाचा मोठा इतिहास १८२८ पासून १८४० पर्यंत खंडाखंडाने आला. त्यानंतर आठवणी लिहायला बसलेल्या बऱ्याच जुन्या शिपायांच्या आणि अधिकाऱ्यांच्या समोर तो होता. दोघे एकच गोष्ट सांगताहेत म्हणजे दोन साक्षी झाल्या असं लगेच मानू नका. दोघांनीही नेपियर वाचलेला असू शकतो. आणि नेपियरही चुकतो. १८०९ मध्ये स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईला पोचायला लाइट ब्रिगेडने २६ तासांत ६२ मैल चाल केली असं त्याने लिहिलं आणि ते सगळीकडे रुजलं. पुढे इतिहासकार चार्ल्स ओमनने हिशेब लावला तेव्हा ते चाळीसएक मैलच भरले. तेवढेही जुलैच्या उन्हात कमी नाहीत. म्हणून पुस्तक कधी छापलं ते आधी पाहा आणि त्याच दिवसांतली पत्रं किंवा रोजनिशी मिळाली तर ती वर ठेवा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. उताऱ्यांच्या संकलनातून, संकेतस्थळावरच्या अवतरणांतून किंवा दुसऱ्याच्या तळटिपेतून साक्षीदार उचलू नका. जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत. अख्खं पुस्तक वाचा, कंटाळवाणी पानं आधी वाचा. माणूस कधी भरती झाला, कधी आजारी पडला, कुठल्या जहाजावर चढला, हे त्याच पानांत असतं.

मार्गदर्शकांबद्दलही एक सांगते. पहिल्या भेटीत वाचायच्या पुस्तकांची लांबलचक यादी हातात देणाऱ्यापेक्षा समासात एक प्रश्न लिहिणारा शोधा. माझ्या मॅडमनी मला एकही पुस्तक सुचवलं नाही, म्हणून मी बाहेर त्यांच्याबद्दल खूप बोलले. ते मी बोलायला नको होतं.

सुरुवातीला अख्खं युद्ध घेऊ नका, एक पलटण घ्या. ९५ वी घ्याल तर साहित्य भरपूर मिळेल. किनकेड, लीच, सर्टिज, सिमन्स, हॅरी स्मिथ, सगळे तिथलेच. पण या एका पलटणीचं सैन्य म्हणजे सगळं सैन्य नव्हे. हिरव्या कोटांतल्या या रायफलवाल्यांनी किती लिहिलं यावरून ते किती लढले हे मोजू नका.

मराठी मुलांना एक सोय घराजवळच आहे. वेलिंग्टन, म्हणजे या युद्धातला पुढचा ब्रिटिश सेनापती, स्पेनला जायच्या पाच वर्षं आधी, २३ सप्टेंबर १८०३ ला, आर्थर वेलस्ली या मूळ नावाने आपल्या जालना जिल्ह्यात असईला लढला. समोर शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पायदळाच्या पलटणी, आणि नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ होतं. कंपूंतल्या साध्या शिपायाची आठवण माझ्या हाती लागली नाही, आणि त्या रिकाम्या जागेची मला रोज खंत वाटते. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या सीताराम पांडे या सुभेदाराचं आत्मकथन म्हणून जे फिरतं, ते १८७३ मध्ये लाहोरला इंग्रजीत छापलेलं आहे, मूळ हस्तलिखित कुणाकडे नाही आणि त्याच्या अस्सलपणावर वाद आहे. नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

सुरुवात असईपासून करा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या दिवशी वेलस्लीबरोबर होता आणि त्याने मित्राला लिहिलेली पत्रं त्याच दिवसांतली आहेत. वेलस्लीचा अहवाल दुसऱ्या दिवशीचा आहे. जॉन ब्लॅकिस्टन हा तरुण अधिकारीही तिथे होता, पण त्याच्या आठवणी आल्या १८२९ मध्ये. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, म्हणजे मधे उतार, पाण्यातून चालत पलीकडे जायची जागा, असणारच, हा वेलस्लीचा प्रसिद्ध तर्क वेलस्लीनेच म्हातारपणी सांगितलेला आहे. ही चारही कथनं शेजारी शेजारी ठेवा, वहीत चार रकाने आखा : काय सांगितलं, सांगणारा नेमका कुठे उभा होता, कधी लिहिलं, कुणाच्या हाताने. मग एस.टी.ने भोकरदनकडे जा आणि पावसाळा सरता सरता केळना नदीच्या काठावर उभं राहून तो उतार पाहा. मी गेले तेव्हा पाणी गुडघाभर होतं आणि एक बाई पलीकडून डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन सरळ चालत आली.