चाई पडल्यावर रक्त-लघवी तपासताना

नाण्याएवढी गुळगुळीत चाई, म्हणजे केस गळून पडलेला चट्टा, दिसली की आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. जस्त कमी आहे का हे पाहायला रक्त सकाळी उपाशीपोटी, सूक्ष्मधातूंच्या खास नळीतच द्या. साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त उतरतं आणि खरी कमतरता झाकली जाते. कमी निघालं तरच जस्ताच्या गोळ्या, त्याही डॉक्टरांच्या मापाने. रोज 40 मिलिग्रॅमच्या वर महिनोन्महिने घेतल्यास तांबं घटतं.

आर्सेनिकसारखे जड धातू सरसकट तपासू नयेत. लघवीतलं आर्सेनिक पाहायचंच असेल, तर आधी 5 दिवस मासळी पूर्ण बंद: सुरमई, कोळंबी, तिसऱ्या, कालवं, कालवणातलं सुकटसुद्धा. मासळीतलं आर्सेनोबिटेन हे आर्सेनिकचंच एक रूप, निरुपद्रवी, पण एकूण आकडा फुगवतं नि घरादाराची झोप उडते. सेलेनियमच्या गोळ्या स्वतःहून नकोतच. अतिरेकाने केसच गळतात.