संगीत मंडळाच्या वेबसाइटचं ॲडमिन पॅनेल हाताळायला सोपं कसं करावं

एका म्युझिक सर्कलची वेबसाइट मी सांभाळतो. मैफलींच्या बहुतेक नोंदी भरतात त्या सर्कलच्या एक काकू. बँकेतून निवृत्त झालेल्या, संगणकाला मुळीच न घाबरणाऱ्या. तरीही एका मैफलीची नोंद करायला त्यांना पाऊण तास लागायचा. का, ते त्यांच्या शेजारी बसल्यावर कळलं. कीबोर्डाजवळ एक वही उघडी होती आणि तिच्यात ‘बागेश्री ४१, मारुबिहाग ५८, झपताल ६’ अशी पानभर यादी होती. फॉर्ममध्ये रागाचा क्रमांक टाकावा लागायचा आणि तो दुसऱ्या पानावर जाऊन शोधावा लागायचा. ‘अहो, इथे नुसतं रागाचं नाव लिहून नाही का चालणार?’ त्यांनी विचारलं. त्या प्रश्नापासून आम्ही सगळं पॅनेल, म्हणजे वेबसाइटची माहिती भरायची आतली पानं, नव्याने मांडलं. ज्या क्रमाने मांडलं, त्याच क्रमाने इथे सांगतो.

आधी शेजारी बसा

कोडला हात लावण्यापूर्वी, जी व्यक्ती रोज नोंदी भरते तिला एक खरं काम द्या. ‘गेल्या शनिवारची मैफल चढवा’ एवढंच सांगा. मुख्य गायिका, तबला आणि हार्मोनियमची साथ, तीन राग, एक नाट्यगीत, शेवटी भैरवी, दोन फोटो आणि ध्वनिमुद्रण. तुम्ही फक्त टिपत राहा: किती वेळा पान बदललं, हात कुठे थांबला, कागदात किंवा फोनमध्ये कधी बघावं लागलं, कुठला रकाना कंटाळून रिकामा सोडला. मदत करायचा मोह आवरा. ‘वर उजवीकडे बघा’ म्हणालात की ती अडचण टिपणातून निसटलीच. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी छोट्या चाचणीसाठी पाच माणसं हा आकडा रूढ केला. आमच्याकडे नोंदी भरणारी माणसंच तीन होती आणि तिघांच्या टिपणांतून महिनाभर पुरेल एवढं काम निघालं.

मैफल एका पानावर आणा

संगीताच्या वेबसाइटमध्ये सगळ्यात जास्त वेळ खातं ते हेच. माहिती साठवताना कलाकार, राग, ताल, ठिकाणं, ध्वनिमुद्रणं यांचे तक्ते वेगवेगळे असतात आणि ते तसेच असावेत. पण पॅनेलमध्येही तेच तक्ते मेनू म्हणून टांगले, की भरणाऱ्याला मैफलीचे पाच तुकडे करून पाच ठिकाणी ठेवावे लागतात. त्याच्या डोक्यात तर एकच गोष्ट असते, शनिवारची मैफल. म्हणून मैफलीचं एकच पान करा. वर तारीख आणि ठिकाण, खाली कलाकार, त्याखाली जे गायलं-वाजवलं गेलं त्याच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ध्वनिमुद्रण जोडायची जागा. जँगो ही वेबसाइट बांधायची तयार चौकट वापरत असाल तर त्याच्या ॲडमिनमध्ये जोडलेल्या तक्त्यांच्या ओळी मुख्य फॉर्ममध्येच दाखवायची सोय तयार मिळते. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या प्रणालीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या रकान्यांसाठी प्लगिन, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या सोयी, आहेत.

ओळी कशा असाव्यात, हे मैफल ऐकणाऱ्याने ठरवावं. आमची पहिली रचना ‘एक राग, एक ताल’ अशी होती आणि ती पहिल्याच ख्यालाला कोलमडली. गायिकेने मारुबिहागात विलंबित एकताल गायला, त्यालाच जोडून द्रुत तीनताल आणि वर तराणा. एकाच रागाखाली तीन रचना, तीन वेळा ताल आणि लय. तेव्हा रागाची एक ओळ आणि तिच्या पोटात हव्या तेवढ्या रचना, अशी मांडणी करा. राग सक्तीचा ठेवू नका. अभंगाला किंवा भावगीताला रागाचं नाव लावलंच पाहिजे असं नाही. रकाना सक्तीचा असला, की भरणारा माणूस पुढे जाण्यासाठी काहीतरी टाकतो आणि ते चुकीचं नाव पुढे वर्षानुवर्षं शोधात येत राहतं. ‘भैरवी’ हा राग आहे आणि मैफलीच्या समारोपाची रचना म्हणूनही लोक तोच शब्द वापरतात. त्यामुळे ‘समारोप’ अशी साधी खूण वेगळी द्या.

कलाकाराच्या पानावर ‘गायक’ किंवा ‘तबलावादक’ असा शिक्का मारून ठेवू नका. एकच बाई एका संध्याकाळी मुख्य गायिका असतात, दुसऱ्या संध्याकाळी गुरूंच्या मागे तानपुऱ्यावर बसून स्वरसाथ करतात. भूमिका त्या त्या मैफलीला जोडा. घराण्याचा रकाना एकापेक्षा जास्त नावं घेणारा हवा आणि रिकामाही राहू शकणारा हवा. ग्वाल्हेर आणि आग्रा अशा दोन्हीकडची तालीम घेतलेल्या माणसाला एकातच कोंबणं त्याच्यावर अन्याय आहे.

नावांचा गोंधळ मुळातच थांबवा

काकूंना हवं होतं तेच करा: नाव लिहू द्या. दोन अक्षरं टाकताच खाली पर्याय दिसू देत आणि अगदी शेवटी ‘नवीन नोंद करा’ असू दे. पान न सोडता तिथल्या तिथे नोंद झाली पाहिजे.

मग प्रत्येक नावाला पर्यायी नावं जोडा. कोणी भूप लिहील, कोणी भूपाली. कोणी बागेश्री, कोणी बागेसरी. रोमन लिपीत टंकणारेही असतात. कसंही लिहिलं तरी नोंद एकच सापडायला हवी. मात्र नावं एकत्र करायचा अधिकार रागदारी जाणणाऱ्या माणसालाच द्या. हिंदुस्थानी हिंडोल आणि कर्नाटकी हिंदोलम ही नावं जुळ्यासारखी वाटतात, पण हिंदोलमचे स्वर आपल्या मालकंसाचे आहेत. संगणक अशा वेळी आत्मविश्वासाने चूक करतो.

देवनागरीची एक अडचण मराठी वेबसाइटवर हमखास येते. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणून टंकता येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. ‘ताऱ्या’ मधला ऱ्य सुद्धा दोन पद्धतींनी साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधाच्या लेखी ते वेगळे शब्द. संगणकात अक्षरं साठवायची पद्धत म्हणजे युनिकोड. तिचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची तयार सोय, हे जुळवून देत नाही. म्हणून साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारी चार ओळींची जोड स्वतः लिहावी लागते. आमच्या यादीत एकच कलाकार दोनदा का दिसतो, याचं उत्तर कित्येकदा एवढंच निघालं.

ध्वनिमुद्रण चढवताना माणसाला अंधारात ठेवू नका

एक तासाचं सीडी दर्जाचं ध्वनिमुद्रण, म्हणजे न दाबलेली वेव्ह फाइल, साधारण ६३५ एमबी भरते. त्याहून वरच्या दर्जाला, म्हणजे २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झवर तोच तास दोन जीबीच्या वर जातो. ३२० केबीपीएसची एमपी३ केली तर १४४ एमबी. आणि पीएचपी या वेबसाइट लिहायच्या भाषेत चढवायच्या फाइलची मुळातली मर्यादा आहे २ एमबी! ती न बदलता ‘फाइल निवडा’ असं बटण देणं म्हणजे भरणाऱ्याला भिंतीवर आदळायला पाठवणं.

तेव्हा मर्यादा वाढवा. पण त्यावर थांबू नका. फाइल तुकड्यांनी चढवणारी आणि नेट गेलं तर तिथूनच पुढे सुरू होणारी सोय लावा. किती चढलं, किती उरलं ते आकड्यात दिसू दे. सगळ्यात महत्त्वाचं, फॉर्म आणि फाइल यांची गाठ सोडवा. फाइल अडकली तरी लिहिलेली माहिती सेव्ह झालेली असली पाहिजे. वीस मिनिटं खपून भरलेली बंदिशींची यादी एका तुटलेल्या अपलोडबरोबर गेली, की तो माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. तो स्वयंसेवक असतो, त्याला पगार नाही.

चूक झाल्याचं सांगणारा संदेशही मराठीत आणि कामाचा हवा. ‘एरर ४१३’ ऐवजी ‘ही फाइल ६३५ एमबीची आहे, इथे ३०० पर्यंत चालते. एमपी३ करून पुन्हा चढवा, बाकीची माहिती जपून ठेवली आहे.’

प्रसिद्ध करण्याआधी परवानगी

सेव्ह केलं की लगेच सगळ्यांना दिसतं, अशी रचना कधीच नको. आधी मसुदा, मग पूर्वदृश्य, मग प्रसिद्धी. ध्वनिमुद्रणाच्या ओळीत ‘कलाकाराची परवानगी’ हा रकाना ठेवा, शक्य तर पत्र किंवा ईमेल जोडायच्या जागेसकट, आणि तो भरल्याशिवाय प्रसिद्धीचं बटण उमटू देऊ नका. मी या एकाच जागी सक्तीच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ३८ व्या कलमाने सादरकर्त्यालाही स्वतंत्र हक्क दिला आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. साथीदारही सादरकर्तेच आहेत, त्यामुळे परवानगी तबल्याची आणि हार्मोनियमचीही घ्यायची. पॅनेलने ते आठवण करून द्यावं.

पुसणं, तारखा, अधिकार

‘सेव्ह’ आणि ‘काढून टाका’ ही बटणं शेजारी-शेजारी नकोत. ‘नक्की काढायचं?’ असं विचारूनही फारसा फायदा होत नाही, कारण सवयीने माणूस ‘हो’ दाबतो. काढलेली नोंद कचरापेटीत जावी आणि परत आणता यावी. वर्डप्रेस ती मुळात ३० दिवस ठेवतं.

तारीख ३/४ अशी लिहू नका. महिना अक्षरांत दाखवा, म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हा प्रश्न उरत नाही. वेळेसोबत ‘पहाटे’, ‘सकाळी’, ‘रात्री’ हे शब्द दिसू देत. दिवाळी पहाटेची साडेपाचची मैफल आमच्याकडे एकदा संध्याकाळची म्हणून छापली गेली होती आणि काही लोक बारा तास उशिरा दाराशी आले. रात्रभर चालणाऱ्या मैफलीला सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन तारखा हव्यात.

प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच मेनू दाखवा. नोंद करणाऱ्याला प्लगिनची यादी दिसायचं कारण नाही. अक्षर मोठं ठेवा. फिकट करड्यावर पांढरी अक्षरं नकोत. मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५:१ एवढा फरक असावा, असं वेब सुलभतेचे निकष सांगतात. आणि सगळं पान एकदा स्वतः फोनवर भरून बघा, कारण फोटो फोनमधूनच येतात.

पुन्हा शेजारी बसा

सगळं झाल्यावर त्याच माणसांना तेच काम परत द्या आणि आधीच्या टिपणाशी ताडून बघा. आमच्या काकूंची नोंद बारा मिनिटांत झाली. वही मात्र अजून कीबोर्डाजवळच होती. तिच्यात आता रागांचे क्रमांक नव्हते. कुठल्या कलाकाराला मानधनाची पावती द्यायची राहिली, ते त्या तिथे लिहून ठेवत होत्या. पुढच्या आठवड्यात मैफलीच्या पानावर पावतीचा रकाना बसवला.