नावाचा अर्थ हवाय? आधी त्याचं गाव विचारा

मैत्रिणीला मुलगा झाला आणि आरव हे नाव जवळपास ठरलं. अर्थ तेवढा मला विचारला, कारण मी भाषांतराची कामं करते, त्यामुळे शब्दांचं मला कळतं असा तिचा समज. मी फोनवर नावांच्या दोन साईट्स बघितल्या. दोन्हीकडे एकच लिहिलेलं. मी ठणकावून सांगितलं, "शांत. संस्कृत आहे." तिची आई शेजारीच बसली होती. त्या म्हणाल्या, "शांत कसं गं? आरवतो तो कोंबडा."

माझी बोलती बंद. घरी येऊन मोनियर-विल्यम्सचा १८९९चा संस्कृत कोश उघडला. आरव म्हणजे ओरडणं, आक्रोश, गर्जना, आवाज. धातू 'रु', आवाज करणं. त्यातूनच रव, कलरव आणि आपलं आरवणं. साईटवाल्यांनी अर्थ नुसता चुकवला नव्हता, उलटा केला होता. शिवाय एकाने चुकवलं ते दुसऱ्याने जसंच्या तसं उतरवून घेतलेलं. नाव शेवटी आरवच राहिलं. पोरगं पहिल्या दिवसापासून नावाला जागत होतं.

तेव्हापासून कुणी अर्थ विचारला की मी लगेच तोंड उघडत नाही. आधी नावाचं गाव शोधते: कुठल्या भाषेत जन्मलं, कुठल्या वाटेने आलं. अर्थ सगळ्यात शेवटी. यात पदवीबिदवीचं काही काम नाही. एखादा बरा कोश आणि थोडा संशयी स्वभाव पुरतो.

लिपीपासून सुरुवात

नाव रोमन अक्षरांत आलं असेल तर ते मूळ लिपीत कसं लिहितात ते पहिल्यांदा विचारून घ्या. कमल आणि कमाल रोमनमध्ये बहुतेकदा एकसारखेच लिहितात. पहिलं संस्कृत, कमळ. दुसरं अरबी, पूर्णत्व. एका मात्रेने अख्खी भाषा बदलते.

देवनागरीत लिहिलेलं असलं तरी गाफील राहू नका. मनीषा हे नाव 'मनाची ईशा' असं फोडून 'मनावर राज्य करणारी' हा अर्थ देणारे खूप भेटतात. पण मनीषात पोटफोड्या ष आहे आणि ईशात शेंडीफोड्या श. ष घालून ईषा लिहिलं तर संस्कृतात त्याचा अर्थ गाडीचा किंवा नांगराचा दांडा! मनीषा म्हणजे बुद्धी, विचार. मराठीत येईपर्यंत त्याचं इच्छा, आकांक्षा झालं. म्हणजे एकाच शब्दाचा अर्थ संस्कृतात एक आणि मराठीत जरा वेगळा, आणि दोन्ही खरे.

जपानी नावांत तर लिपी विचारल्याशिवाय पानही हलत नाही. युकी हे नाव एका चिन्हाने लिहिलं तर बर्फ, दुसऱ्याने लिहिलं तर सुख. उच्चार तोच. तिथे "युकीचा अर्थ काय" हा प्रश्नच अर्धा आहे, "कसं लिहितेस?" हे आधी विचारायला लागतं.

गाव कसं ओळखायचं

माझी भाची एकदा विचारत आली, "मावशी, कियारा म्हणजे काय गं?" तिच्या वर्गात तीन कियारा होत्या आणि तिघींचे अर्थ वेगवेगळे. आरवने शहाणपण शिकवलं होतं, म्हणून मी तिला बसवलं आणि आम्ही दोघींनी मिळून शोधलं.

इटालियनमध्ये किआरा हे नाव आहे. लॅटिन 'क्लारा'वरून आलेलं: तेजस्वी, स्वच्छ, लख्ख. आयर्लंडमध्येही जवळपास तसाच उच्चार असलेलं नाव आहे, ते 'किअर' या शब्दावरून. त्याचा अर्थ काळा, सावळा. एक लख्ख, एक सावळी! भाचीने डोळे मोठे केले. "मग खरी कुठली?" दोन्ही खऱ्या. त्या मुलीच्या आईवडिलांनी नाव कुठून उचललं ते त्यांनाच विचारायचं. संस्कृत कोशात आम्ही कि-पासूनची पानं चाळली, तिथे मात्र ती सापडली नाही.

अशी जुळी दिसणारी पण नात्यात नसलेली नावं पुष्कळ आहेत. किरण म्हणजे प्रकाशाची रेघ आणि आयरिश किएरन म्हणजे छोटासा काळा, तोच 'किअर'. तारा आपली आकाशातली. आयर्लंडची टारा ही एका प्राचीन टेकडीवरून. लीला म्हणजे खेळ, लैला म्हणजे अरबीत रात्र. समीर संस्कृतात वारा, अरबीत रात्री गप्पा मारायला सोबत असणारा. (मला विचाराल तर दुसरा समीर जास्त आवडतो.)

म्हणून नुसत्या आवाजावर जाऊ नका. नावाला तीन प्रश्न विचारा. हे आधी कुणाचं होतं? कधीपासून आढळतं? आणि त्या घरात ते कुणावरून ठेवलं? बहुतेक माणसं अर्थावरून नाव ठेवतच नाहीत. आजीवरून, संतावरून, राजावरून, नाहीतर एखाद्या नटावरून ठेवतात. सेसिलिया हे रोमन घराण्याचं नाव, लॅटिनमधल्या 'आंधळा' या शब्दाशी जोडलेलं. तरी शेकडो वर्षं मुलींना ते ठेवलं गेलं, कारण त्या नावाची संत होती. अर्थ टोचायला लागला तसा लोकांनी मध्ययुगातच नवा घडवला: स्वर्गातली लिली. आजच्या साईट्सना उगीच दोष देते मी, हा उद्योग जुनाच आहे.

फोड करा, पण वाक्य करू नका

गाव कळलं की नाव फोडायचं. प्रत्येक भाषेची फोडायची रीत वेगळी, आणि एकीची रीत दुसरीला लावली की घोटाळा ठरलेला.

हिब्रू नावांत शेवटी 'एल' दिसलं की तो देव. दानिएल: देव माझा न्यायाधीश. मिखाएल तर चक्क प्रश्न आहे: देवासारखा कोण? अरबीत तीन व्यंजनांचं मूळ शोधा. ह-म-द म्हणजे स्तुती. त्यातून अहमद, महमूद, हमीद, मुहम्मद. ही यादी एकदा समोर मांडून बघा, शाळेत धातू चालवायचो त्याची आठवण येते. आणि 'अब्दुल' हे पूर्ण नाव नाही. 'अब्द' म्हणजे सेवक, पुढचं 'उल' म्हणजे अरबी उपपद 'अल', इंग्रजीतल्या 'the'सारखं, ते पुढच्या शब्दाची वाट बघतंय. अब्दुल करीम म्हणजे त्या दयाळूचा, उदाराचा सेवक. नुसतं अब्दुल म्हणजे "...चा सेवक", आणि मग गप्प.

जुन्या जर्मानिक आणि इंग्रजी नावांत सगळ्यात जास्त फसगत होते. तिथे दोन तुकडे जोडून नाव बनतं, विल्यममध्ये इच्छा आणि शिरस्त्राण. लोक मग 'इच्छेचं शिरस्त्राण' असला काहीतरी समास सोडवत बसतात. पण पुष्कळदा ते तुकडे अर्थ जुळवायला जोडलेलेच नसत. ११व्या शतकात वुल्फस्टन नावाचा इंग्लिश बिशप होऊन गेला. वुल्फ म्हणजे लांडगा, स्टन म्हणजे दगड. लांडग्याचा दगड? त्याच्या आईचं नाव होतं वुल्फगिफू आणि वडिलांचं अॅथेलस्टन. आईकडून अर्धं, वडिलांकडून अर्धं. सोडवायला समास नाहीच, नुसतं नातं आहे.

ग्रीकमध्येही तुकडे असेच फिरतात. क्लेओपात्रा आणि पात्रोक्लोस ही एकच जोडी, पुढचं मागे: क्लेओस म्हणजे कीर्ती, आणि पित्याचा तुकडा तो आपल्या 'पितृ'चाच भाऊ. क्लेओससुद्धा परका नाही. संस्कृतातलं 'श्रवस्', म्हणजे कीर्ती, आणि स्लाव्ह (रशियन, पोलिश वगैरे) नावांच्या शेवटी येणारं 'स्लाव' ही तिन्ही एकाच मुळाची. व्लादिस्लाव आणि क्लेओपात्रा दूरचे नातेवाईक निघतात.

नाव प्रवासाला निघतं तेव्हा

काही नावं फोडून हाती लागत नाहीत, त्यांची वाट उलटी चालावी लागते. हिब्रू योहानान, 'याह्वेने (म्हणजे देवाने) कृपा केली', ग्रीकमध्ये योआनेस, लॅटिनमध्ये योहानेस, आणि मग फाटे फुटले: जॉन, जाँ, हुआन, जोव्हानी, इव्हान, यान, हान्स, आयर्लंडमध्ये शॉन. जेम्स आणि जेकब हे एकच नाव आहे हे मला कळलं तेव्हा मी अर्धा दिवस येईल त्याला सांगत सुटले होते.

माझं सगळ्यात लाडकं नाव मात्र सिकंदर. ग्रीकमध्ये अलेक्झांद्रोस: 'अलेक्सो', रक्षण करणं, आणि 'अॅनेर', पुरुष. हा अॅनेर आणि आपला नर एकाच मुळाचे. नाव अरबीत गेलं तर सुरुवातीचं 'अल' ऐकून लोकांना वाटलं की हे आपलं उपपद 'अल'. मग ते बाजूला काढलं, 'क्स'चं 'स्क' झालं, आणि इस्कंदर उरला. तिथून पुढे सिकंदर. एवढं जग जिंकायला निघालेल्या माणसाचं पहिलं अक्षर व्याकरणातल्या गैरसमजाने गेलं!

असा प्रवास शोधताना एक युक्ती उपयोगी पडते. त्याच माणसाला वेगवेगळ्या भाषा काय म्हणतात ते शेजारी शेजारी लिहा. राजे, संत, प्रेषित यांची नावं सगळीकडे लिहिली गेलीत. ओळीने लिहिली की कुठलं व्यंजन कुठे पडलं ते बोटाने दाखवता येतं.

कधी मात्र नाव प्रवास करत नाही, त्याचं भाषांतर होतं. येशूच्या शिष्याला अरमाइकमध्ये केफा म्हणत, म्हणजे खडक. ग्रीकमध्ये त्याचं थेट पेत्रोस केलं, तिथून पीटर. उच्चारात काडीचंही साम्य नाही, अर्थ तोच.

'देवाने दिलेला' हे नाव पुष्कळ भाषांनी आपापल्या शब्दांत घडवलंय. आपला देवदत्त, ग्रीक थिओडोर, हिब्रू नथानेल, रशियन आणि सर्बियन बोगदान, फारसी खुदादाद, अरबी अताउल्लाह. इथे एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः पडले आहे. देव आणि ग्रीक 'थिऑस' एकच, असं मी एका लेखाच्या भाषांतरात तळटीप म्हणून लिहून दिलं. संपादकांनी ते लाल शाईने खोडलं. 'देव'चे खरे नातेवाईक ग्रीकांचा देवराज झ्यूस आणि लॅटिन 'देउस'. थिऑस वेगळ्या घरचा. उलट थिओडोरमधला 'डोर', म्हणजे दान, तो दत्तच्याच 'दा' धातूच्या घरचा. बोगदानमधलं दान आणि खुदादादमधलं दादही तिथलंच. आणि बोगदानचा 'बोग' आपल्या 'भग'चा, म्हणजे भगवानमधल्या भगचा, नातलग. तोंडावळा सारखा तो परका, आणि वेगळा दिसतो तो सख्खा. नावांच्या बाबतीत हे वारंवार होतं.

जिथे कोश हात टेकतात

काही नावं एका माणसाने बसून बनवलेली असतात. व्हेनेसा शोधलं की साईट्स म्हणतात: ग्रीक, फुलपाखरू. ग्रीकचा काही संबंध नाही. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'वाल्या जोनाथन स्विफ्टने एस्थर व्हॅनहोमरी नावाच्या मैत्रिणीसाठी तिच्या आडनावातला 'व्हॅन' आणि एस्थरचं लाडकं रूप 'एसा' जोडून ते नाव केलं. ज्या कवितेत ते आहे ती १७२६मध्ये छापली गेली. फुलपाखरांच्या एका प्रजातीगटाला फाब्रिशियस या प्राणिशास्त्रज्ञाने व्हेनेसा हे नाव दिलं ते १८०७मध्ये. आधी बाई, मग फुलपाखरू. तारखा शेजारी ठेवल्या की असे दावे एका मिनिटात कोसळतात.

आणि काही नावांचा 'अर्थ' म्हणजे निव्वळ नोंद असते. घानातल्या आकान लोकांत जन्मवारावरून नाव मिळतं. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८चा. कॅलेंडर काढून बघा, शुक्रवारच येतो. त्यांची जुळी बहीण होती, तिचं नाव एफुआ: शुक्रवारी जन्मलेली मुलगी. नावाचा अर्थ दिनदर्शिकेवर पडताळून घेता येतो, असं सुख क्वचित मिळतं.

मी एक वही केली आहे. रकाने पाच: मूळ लिपीतलं रूप, भाषा, फोड, वाट, अर्थ. पहिले चार भरल्याशिवाय पाचवा शाईने लिहायचा नाही, पेन्सिलने चालेल. मरियमच्या ओळीत पेन्सिलने तीन अर्थ आहेत, कडू, बंडखोर आणि प्रिय, आणि अभ्यासकांचं अजून एकमत नाही. चौथा होता 'समुद्राचा तारा', तो मी खोडलाय. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमने लॅटिनमध्ये लिहिला होता समुद्राचा थेंब, 'स्तिल्ला मारिस'. नकला उतरवणाऱ्यांच्या हातून 'स्तिल्ला'चं 'स्तेल्ला' झालं, थेंबाचा तारा झाला, असं मानतात. खोडलेल्या जागी मी बारीक अक्षरांत 'थेंब' लिहून ठेवलंय.