जुन्या नक्षीदार लेखन-मेजाचे पूर्वीचे मालक कसे तपासावेत

विक्रेत्याने एखाद्या जुन्या लेखन-मेजाला राणीचे किंवा सरदाराचे नाव जोडले की पाहणाऱ्याची नजर सोनेरी मुलाम्याच्या ब्राँझवर आणि जडावकामावरच खिळते. परंतु मालकांचा माग काढायचा असेल तर दर्शनी बाजू शेवटी पाहावी आणि तपासणीची सुरुवात खण बाहेर काढून, पाठ व तळाची फळी उजेडात पाहून करावी. येथे अठराव्या शतकातील पॅरिसची मेजे समोर ठेवली आहेत, कारण त्यांच्या लाकडावरच्या खुणाही उरल्या आहेत आणि त्या ताडून पाहण्याजोगे दप्तरही उरले आहे.

प्रथम कारागिराचा ठसा शोधावा. पॅरिसच्या सुतार-संघाच्या १७४३ च्या नियमांनी उस्तादांना आपल्या नावाचा ठसा लाकडावर मारणे बंधनकारक केले आणि त्याच्याजवळ अनेकदा संघाची ‘जेएमई’ ही अक्षरेही दिसतात. तो पाठीच्या वरच्या कडेला, खणांखालच्या आडव्या पट्टीवर किंवा संगमरवरी पाट उचलल्यावर सापडतो. मात्र ठसा दुरुस्ती करणाऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचाही असू शकतो, शिवाय राजासाठी काम करणाऱ्या कारागिरांना या नियमातून सूट होती. त्यामुळे ठसा नाही म्हणून मेज बाजूला टाकू नये आणि ठसा आहे म्हणून मालकाचे नाव मान्य करू नये. ब्राँझवर मुकुटासह ‘सी’ हे अक्षर असेल तर तो १७४५ ते १७४९ या वर्षांतील कराचा शिक्का होय.

मालकाचा खरा पत्ता देतात ते रंगवलेले क्रमांक आणि डागून उमटवलेली चिन्हे. फ्रेंच राजवाड्यांचे सामान सांभाळणारे ‘गार्द-मब्ल’ हे खाते येणाऱ्या वस्तूला क्रमांक देई आणि नोंदवहीत तिचे वर्णन, दालन आणि मापे लिहून ठेवी. ही मापे जुन्या फ्रेंच पावलांत असतात. एक पाऊल म्हणजे सुमारे ३२.५ सेंटिमीटर, त्याचे १२ फ्रेंच इंच, आणि त्या इंचाच्या १२ रेषा. रुंदी व खोली जुळली पण उंची थोडी कमी भरली तर घाईने नकार देऊ नये, कारण ओलीने कुजलेले पाय कापण्याची पद्धत जुनीच आहे. रुंदीच जुळत नसेल तर मात्र क्रमांक दुसऱ्या वस्तूचा समजावा.

मालकांची साखळी पुरी झाली की ती कशी दिसते, हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील एका मेजावरून समजते. पुढची फळी खाली उतरवून लिहायचे हे उभे मेज झाँ-आँरी रीझनर याने १७८३ मध्ये फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी घडवले आणि त्यात जपानी लाखकामाचे तुकडे बसवले. व्हर्सायच्या राजवाड्यातून ते सँ-क्लूच्या राजवाड्यात गेले. पुढे स्कॉटलंडच्या हॅमिल्टन ड्यूक घराण्याकडे आले, १८८२ च्या गाजलेल्या लिलावात विकले गेले आणि विल्यम के. व्हँडरबिल्ट यांच्या मृत्युपत्रान्वये १९२० मध्ये संग्रहालयात पोहोचले. येथे कारागीर, वाडा, लिलाव आणि मृत्युपत्र हे चारही दुवे स्वतंत्र कागदांवर आहेत.

सर्वांत नाजूक जागा फ्रेंच राज्यक्रांतीतील १७९३-९४ ची आहे. त्या काळात व्हर्सायचे सामान १७,००० हून अधिक गटांत लिलावाने विकले गेले. या वर्षांनंतर मेज पहिल्यांदा कोणत्या लिलाव-सूचीत येते ते पाहावे आणि मधल्या काळासाठी घराण्यातील आठवणीवर भिस्त ठेवू नये. क्रांतीच्या काळात राजचिन्हे खरवडली जात, म्हणून खरवडलेली जागा उलट विश्वासार्ह वाटते; चकचकीत मुकुट आणि राणीची आद्याक्षरे मात्र शंकेने पाहावीत, कारण एकोणिसाव्या शतकात अशा मेजांच्या उत्तम प्रती निघाल्या आणि खोटे ठसेही मारले गेले. विनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, फार पातळ व एकसारखे असेल, किंवा स्क्रूची टोके यंत्राने काढल्यासारखी टोकदार असतील, तर तो भाग नंतरचा धरावा.

भारतात असे मेज हाती आले आणि त्यात हस्तिदंत असेल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा विचार व्यवहारापूर्वीच करावा. मालकीचा एक दुवा तुटलेला असेल तर नोंदीत राणीचे नाव घालू नये. ‘पॅरिस, अंदाजे १७८०’ एवढेच लिहावे आणि किंमतही तेवढीच द्यावी.