सातपुड्यात रानपिंगळा बघायला जाताय? मग आधी हे वाचा

रानपिंगळा म्हणजे जेमतेम वीतभर घुबड, पण जगात फक्त मध्य भारतातच आहे आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात असलेला. १८८४ मध्ये आपल्याच खानदेशात त्याचा नमुना (संग्रहालयात जपून ठेवायला मारलेला पक्षी) घेतला गेला आणि मग ११३ वर्षं कोणाला दिसलाच नाही, सगळे म्हणायचे संपला. त्यात माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रजाने चोरलेल्या नमुन्यावर १९१४, गुजरात असं खोटं लेबल लावलेलं, त्यामुळे शोधणारे आधी भलतीकडेच फिरले. शेवटी २५ नोव्हेंबर १९९७ ला अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळ सापडला.

ओळखायचा कसा? गावात विजेच्या तारेवर बसतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ कोरी, राखाडी तपकिरी, डोकं अंगाच्या मानाने मोठं, छातीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरंशुभ्र आणि पायावर दाट पांढरी पिसं. अजून एक पिंगळा त्याच जंगलात असतो पण त्याच्या अंगभर बारीक पट्ट्या असतात, तो वेगळा.

मुख्य म्हणजे हा दिवसा फिरतो, त्यामुळे रात्री बॅटरी घेऊन जंगलात घुसायची काही गरज नाही. साग पानं गाळतो तेव्हा, हिवाळा संपता संपता, सकाळी जा. तोरणमाळ किंवा यावल अभयारण्याकडे जाणार असाल तर आधी वनविभागाची परवानगी घ्या आणि पाड्यावरच्या एखाद्या दादाला सोबत घ्या, त्यांना जंगल आपल्यापेक्षा लाख पटीने माहीत असतं. उघड्या फांदीच्या शेंड्यावर नजर ठेवा. तिथे बसून शेपटी झटक्याने डावीउजवीकडे हलवत तो खाली सरडा, साप-सुरळी, उंदीर शोधत असतो, आणि ती शेपटीच बऱ्याचदा आधी दिसते.

मोबाईलवर त्याचा आवाज अजिबात वाजवू नका, प्लीज. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला, मग शिकार सोडून तो तुमच्याच मागे लागतो. पोपटासारखंच हा झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, बहुतेक दोनच, मादी आत बसलेली असते आणि नर बाहेरून खाऊ आणतो, आपण खाली कॅमेरा लावून उभे राहिलो की तो आत जायला कचरतो. ढोली दिसली तर लांबूनच निघा आणि लोकेशन ग्रुपवर टाकू नका.

आता गावात काय करता येईल. जुनं, वाळकं, पोकळ झाड निरुपयोगी वाटतं म्हणून सरपणाला आधी तेच तुटतं, आणि ढोली तर त्यातच असते. एवढं एक झाड जरी ठेवलं तरी पोपट, पिंगळा, मैना सगळ्यांची सोय होते. मोहाच्या दिवसात फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, ती आग कधीकधी जंगलभर पसरते, त्याऐवजी पाला झाडून घ्या नाहीतर खाली जुन्या साड्या, जाळी अंथरा, फुलंही स्वच्छ मिळतात. घुबड अपशकुनी म्हणून किंवा जादूटोण्यासाठी कोणी पकडत असेल तर गप्प बसू नका, वन्यजीव कायद्यात हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, सरळ वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन लावा.