गिटारचा पॉट बदलताना: आधी मोजा, मग घ्या

नॉब फिरवताना अ‍ॅम्पमधून खरखर आली म्हणून लगेच नवा पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे नॉबखालचा बदलता रोध) घेऊ नका. टर्मिनलांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. पुष्कळदा आत नुसती धूळ असते. तरीही आवाज मध्येच तुटत असेल किंवा दांडा डुगडुगत असेल, तर मात्र बदला.

१. किती ओहमचा? सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं पकडणारा भाग) २५० के (किलो-ओहम), हंबकरला (दोन वेटोळ्यांचा पिकअप) ५०० के, हा रूढ हिशेब. पूर्ण उघडलेला पॉटसुद्धा सिग्नलचा थोडा भाग ग्राउंडकडे जाऊ देतो, आणि त्याचा फटका मुख्यतः वरच्या स्वरांच्या धारेला बसतो. रोध जितका कमी, तितका आवाज मऊ. म्हणून २५० केमुळे सिंगल कॉइलचा बोचरेपणा निवळतो, पण हंबकर गुदमरतो. तुमचा हंबकर कायम घुसमटलेला वाटत असेल, तर नवे पिकअप घेण्याआधी पॉटवरचा आकडा वाचा. गिटारमध्ये दोन्ही प्रकार असतील तर मी ५०० के घेईन, कारण जास्तीची धार टोनच्या नॉबने उतरवता येते. गेलेली धार परत आणता येत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपना सहसा २५ के लागतो.

२. मीटर लावा. छापील आकड्यात २० टक्के फरक चालतो, म्हणजे ५०० केचा पॉट प्रत्यक्षात ४०० ते ६०० के असू शकतो. मल्टिमीटर बाहेरच्या दोन टर्मिनलांना लावा, पण पॉट सुटा करून. मी एकदा तारा न काढताच मोजलं आणि मीटरवर जेमतेम ८ के दिसले. चांगला पॉट मी बाद ठरवला होता. खरं तर मी पिकअपचं वेटोळं मोजत होतो.

३. ए की बी? आजच्या बहुतेक पॉटवर ए म्हणजे ऑडिओ टेपर, बी म्हणजे लिनियर (टेपर म्हणजे नॉब फिरवताना रोध कोणत्या चालीने बदलतो ते; लिनियरमध्ये तो सारख्या गतीने बदलतो). व्हॉल्यूमला ऑडिओ घ्या. कानाला आवाज जसा जाणवतो, त्याच्याशी त्याची चाल जुळते. लिनियर लावला तर आवाज उतरवताना बराच वेळ काही घडतच नाही आणि शेवटच्या थोड्या फेऱ्यात आवाज कोसळतो. टोनलाही मला ऑडिओच बरा वाटतो.

४. बसेल का? सगळ्यात जास्त फसगत इथे होते. जुना पॉट काढून पट्टीने मोजा. मोठ्या पॉटच्या आट्यांना साधारण ९.५ मिमीचं भोक लागतं, लहान पॉटना ७ किंवा ८ मिमीचं. पातळ पिकगार्डला (गिटारच्या अंगावरची पातळ पाटी) आखूड आटे पुरतात. लेस पॉल गिटारसारख्या जाड, कोरीव लाकडाला लांब आटे हवेत, नाहीतर नट धरतच नाही. पुश-पुल (नॉब वर ओढून स्विचसारखा वापरता येणारा पॉट) घेणार असाल तर लाकडातली पोकळी किती खोल आहे तेही बघा. नॉब दाबून बसणारा असेल तर दातेरी, चिरलेला दांडा लागतो. स्क्रूने आवळायचा असेल तर गुळगुळीत, भरीव. दातेरी दांड्यांतही बारीक २४ दाते आणि जाड १८ दाते असे दोन प्रकार आहेत. जबरदस्तीने नॉब ठोकलात तर चिरलेल्या दांड्याची एक फाक मोडते.

५. सोल्डर करण्यापूर्वी जुन्या जोडणीचा जवळून फोटो काढा. पॉटच्या पाठीला ग्राउंडची तार जोडताना पत्रा आधी सँडपेपरने घासा. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापलेलं ठेवा आणि काही सेकंदांत काम उरका. कोमट आयर्न तिथे धरून बसलात तर उष्णता आत उतरते आणि नव्या पॉटची आतली रोधाची पट्टी भाजते.