सॅन स्टॉर्मचे दिवे नखरे करतायत? बल्ब बदलण्याआधी अर्थिंगची वायर बघा

सॅन स्टॉर्म ही गोव्यात बनलेली दोन सीटची, कापडी हूडवाली गाडी, रेनॉचं १,१४९ सीसीचं इंजिन आणि बॉडी फायबरची, आणि हिच्या निम्म्या किरकोळ कटकटी त्या फायबरमुळेच होतात असं माझं ठाम मत आहे. पत्र्याच्या गाडीत दिव्याचा करंट बॉडीतूनच बॅटरीकडे परत जातो, फायबरमधून तो जात नाही, म्हणून करंट परत नेणारी अर्थची (अर्थिंगची) वायर चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत, न्यावी लागते, आणि ठाण्यातला पाऊस नि खाडीची दमट हवा लागून तिच्या थिंबलवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, हिरवट थर चढतो.

लक्षण ओळखायला सोपंय. इंडिकेटर दिला की टेललाइट पण बारीक मिचमिचते, किंवा ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो. असं झालं की अर्थच पकडा.

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, दिवा चालू ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन होल्डरच्या अर्थला लावा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर ठीक, अर्धा-एक व्होल्ट दाखवलं तर अर्थ खराब. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, नट सोडवून थिंबल आणि चासीवरची जागा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा. जास्त अँपिअरचा फ्यूज मात्र कधीच टाकू नका हो, वायरिंग जळतं.

घोडबंदरला गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, आणि जागा मिळताच गाडी बाजूला घ्या, गरम असताना कूलंटचं झाकण उघडायचं नाही. घरी आल्यावर रेडिएटर फॅनचा कनेक्टर काढून फॅनला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरने डायरेक्ट सप्लाय द्या, बोटं लांब ठेवून. फिरला तर मोटर चांगली आहे, मग फ्यूज, रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच), सेन्सर या क्रमाने बघा. गॅरेजवाला थेट नवीन फॅन टाकूया म्हणाला तर आधी ही टेस्ट त्याच्यासमोर करा.

पायाखालचं कार्पेट ओलं लागलं तर बोट लावून वास घ्या, गोडसर आणि चिकट असेल तर हीटरकडून कूलंट गळतंय, नुसतं पाणी असेल तर हूडचं रबर तपासा. आणि ओला हूड घडी करून ठेवू नका, बुरशी धरते.